आजोबांची वसीयत, नातवाचं शेत

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. वकील नाही, आलिमही नाही. पण घरात कुणी वारलं की ऑनलाइन सातबारा काढायचा, वारसांचा तक्ता मांडायचा, तलाठ्याकडे कोणते कागद न्यायचे ते शोधायचं, ही कामं आता आपल्याच पिढीकडे येतात. पुण्यामुंबईत नोकरी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींची नावं गावाकडच्या एखाद्या गटात कोपऱ्यात बसलेली असतात, किंवा बसायला हवी असून बसलेली नसतात. म्हणून हा विषय घेतला: शेतकरी मुस्लिम घरांत जमीन आणि चीजवस्तू एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे कशी गेली, आणि त्यात वसीयतीची, म्हणजे मृत्युपत्राची, जागा कोणती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाटणीत ज्याला जागाच मिळत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे वसीयत आहे. आणि आपल्या घरांत नेमक्या त्याच कामासाठी ती फारशी लिहिली गेली नाही.

जमीन प्रत्यक्षात कशी गेली?

बहुतेक घरांत कुणी काही लिहिलंच नाही. दादा वारले की मोठ्या मुलाने तलाठ्याकडे वर्दी दिली आणि फेरफार झाला. जुने फेरफार काढून बघा. मोठ्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असं दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मुस्लिम कायद्यात असा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर मुळात नाही. मुलाला जन्माने बापाच्या जमिनीत हक्क मिळत नाही, आणि बाप गेल्याक्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. पण गावाची पद्धत एक होती आणि दप्तरही तीच पद्धत लिहीत होतं. बहिणींची आणि विधवांची नावं कधी गाळली गेली, कधी ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली गेली. मालकाच्या रकान्यात भाऊ, इतर हक्कांत बहीण. तिकडे सोसायटीचं कर्ज, विहिरीचा हिस्सा अशा नोंदींच्या शेजारी फूफीचं नाव.

काही घरांत जमीन वतनाची होती. मुलाणी, काझी यांच्याकडे कामाबद्दल दिलेल्या जमिनी असत. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतन सहजासहजी बाहेरच्या माणसाला देता येत नसे. त्यानंतर १८८६ च्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने वतनदार घरातल्या स्त्रियांना, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, वारसाहक्काच्या रांगेत पुरुषांच्या मागे ढकललं. स्वातंत्र्यानंतर वतनं टप्प्याटप्प्याने खालसा झाली, पण सवय राहिली. ‘आपल्यात शेत मुलींना देत नाहीत’ हे वाक्य आपण धर्माचं समजून ऐकतो. त्यात गावाची रूढी आणि इंग्रजांचा कायदा या दोन्हींचा वाटा मोठा आहे.

१९३७ चा शरियत कायदा आला तो रूढी बाजूला सारून वारसा, हिबा, निकाह अशा बाबतींत शरियत लागू करण्यासाठी. त्याच्या कलम २ मध्ये मात्र एक कंस आहे: शेतजमिनीचे प्रश्न वगळून. मद्रासने १९४९ साली आणि केरळने १९६३ साली दुरुस्ती करून तो अपवाद काढला. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती केलेली नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशन ४ चा क्रम चालत असे: आधी लिखित कायदा, मग देशरूढी, मग प्रतिवादीचा धर्मकायदा. रूढी आहे असं जो म्हणेल त्याने ती सिद्ध करायची. ती सिद्ध झाली नाही, तर कुराणात ठरलेले हिस्से शेतालाही लागू. म्हणजे बहिणीचा हक्क होता. तो घेऊ न देण्याच्या वाटा मात्र अनेक होत्या.

हक्कसोड आणि हिबा

पहिली वाट हक्कसोडपत्राची. बाप वारल्यावर बहिणींना गाडी पाठवून तालुक्याला आणायचं, सह्या घ्यायच्या, साडी-चोळी करायची, जेवण घालायचं. बहीण सही करते, कारण तिला माहेर तुटायला नको असतं. तिच्या मनात हिशेब असतो तो असा: जमीन मागितली तर ईदेला यायची वाट बंद, उद्या नवरा गेला तर दारात उभं करणारं कुणी नाही. ही सही कागदावर स्वेच्छेची असते. ती खरोखर किती स्वेच्छेची होती, हे आपल्या घरातल्या फूफीला एकदा शांतपणे विचारून बघा.

काही ठिकाणी बाप हयात असतानाच मुलीकडून ‘मला काही नको’ असं लिहून घेतात. मुस्लिम कायद्यात बापाच्या हयातीत वारसाला हक्कच नसतो, त्यामुळे नसलेला हक्क सोडता येत नाही. असं नुसतं लिहून दिलेलं निरर्थक ठरतं. पण त्याबद्दल तिने मोबदला घेतला असेल, तर नंतर तिला हिस्सा मागता येईलच असं नाही. गुलाम अब्बास विरुद्ध हाजी कय्यूम अली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हे सांगितलं आहे. सही करण्यापूर्वी हे माहीत असलेलं बरं.

दुसरी वाट हिब्याची, म्हणजे हयातीत दिलेल्या दानाची. देणाऱ्याने जाहीर करायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा. या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा. त्याला एक-तृतीयांशाची मर्यादा नाही. त्यामुळे सगळं शेत मुलांना हिबा करून मुलींसाठी काही न ठेवण्याचा रस्ता कायद्याने मोकळा आहे. पण नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला दान द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या मुलांना सारखं दिलं नाही म्हणून पैगंबरांनी साक्षीदार व्हायला नकार दिला, ही हदीस आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मदरशात ऐकली असेल. शेताची वेळ आली की ती कुणाला आठवत नाही.

वसीयतीचा दरवाजा कुठे उघडतो?

हिंदू कायद्यात माणूस आपल्या मालकीचं सगळं मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. आपल्याकडे ते चालत नाही. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज भागवून जे उरेल त्याच्या एक-तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. आणि सुन्नी कायद्यात, मग तुम्ही देशावरचे हनफी असा की कोकणातले शाफई, जो आधीच वारस आहे त्याच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच टिकते. शिया फिकहमध्ये हा दुसरा नियम वेगळा आहे.

एक-तृतीयांशामागची गोष्ट साद बिन अबी वक्कास यांची. ते आजारी होते. मालमत्ता बरीच होती आणि वारस म्हणून एकच मुलगी होती. दोन-तृतीयांश दान करू का, असं त्यांनी विचारलं. नाही. अर्धं? नाही. एक-तृतीयांश? तेवढं चालेल, आणि तेही पुष्कळ आहे, असं उत्तर मिळालं. वारसांना दुसऱ्यापुढे हात पसरायला लागू नये, हे कारणही सांगितलं गेलं. म्हणजे ज्या प्रसंगातून ही मर्यादा आली, त्यात राखला गेला तो एका मुलीचा हिस्सा. वसीयतीने मुलीला बेदखल करता येत नाही, आणि हे कुलूप चौदाशे वर्षं जुनं आहे.

मग तो एक-तृतीयांश कुणासाठी?

गावातलं नेहमीचं उदाहरण घेऊ. दादांची बारा एकर जमीन. मागे दादी, तीन मुलगे, एक मुलगी. चौथा मुलगा दादांच्या आधीच अपघातात गेला. त्याची बायको आणि दोन लहान मुलं त्याच घरात राहतात, त्याच शेतात राबतात. दादा वारले. दादीला आठवा हिस्सा, दीड एकर. उरलेलं मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात: मुलांना तीन-तीन एकर, मुलीला दीड. हिशेब बरोबर बारा एकर. गेलेल्या मुलाच्या लेकरांना शून्य, कारण जवळचा मुलगा हयात असताना नातू वारस ठरत नाही. सून तर सासऱ्याची वारस कधीच नसते. कालपर्यंत जे शेत त्यांचं होतं, त्यात आज ती चाचांच्या मर्जीवर.

आता हेच दादा वसीयत करून गेले असते तर? नातू वारस नाही, म्हणूनच त्याच्या नावे केलेल्या वसीयतीला कुणाची संमती लागत नाही. बारा एकरांचा तिसरा भाग चार एकर. तेवढं नातवंडांना दिलं, तर उरलेल्या आठ एकरांत दादीला एक, मुलांना दोन-दोन, मुलीला एक. चार एकर जास्त वाटले, तर चौथा मुलगा जगला असता तर त्याला जे मिळालं असतं तेवढंच लिहा. ते येतं साधारण दोन एकर तेरा गुंठे. मर्यादेच्या पुष्कळ आत. सुनेच्या नावेही त्याच एक-तृतीयांशातून काही देता येतं.

यतीम नातवंडांचा हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही. इजिप्तने १९४६ च्या कायद्यात अशा नातवंडांसाठी एक-तृतीयांशाच्या आत सक्तीची वसीयत मानली: आजोबांनी लिहिली नसली तरी लिहिली आहे असं समजायचं. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात नातवंडांना मेलेल्या बापाचा हिस्सा थेट दिला. भारतात यांपैकी काहीच नाही. इथे सगळी भिस्त आजोबांनी हयातीत लिहिलेल्या एका कागदावर आहे. दत्तक म्हणून वाढवलेलं मूल, आयुष्यभर सेवा केलेली विधवा वहिनी, शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, या सगळ्यांसाठी तोच एक दरवाजा आहे.

घरी जाऊन काय करायचं?

पहिलं, कर्जाची यादी. विकास सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचे हप्ते, आणि न दिलेली मेहर. मेहर हे बायकोचं नवऱ्यावरचं कर्ज आहे. वाटणीआधी ते फेडायचं असतं. मय्यतीजवळ उभं करून विधवेकडून ‘माफ केली’ म्हणवून घेण्याची पद्धत आपण तरी थांबवू.

दुसरं, वसीयत लिहून ठेवा. मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयतही चालते, पण तोंडी वसीयत सिद्ध करताना घरं फुटतात. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा स्पष्ट लिहा. फक्त जमीन नको: विहिरीतला हिस्सा, मोटर, जनावरं, आंब्याची झाडं, दागिने, पितळेची भांडी, सगळं मालमत्तेतच येतं. ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही.

तिसरं, नातवंडं अज्ञान असतील तर त्यांच्या जमिनीची व्यवस्था कोण बघणार तेही लिहा. बापाने कुणाला नेमलेलं नसेल तर दादा वसीयतीत ‘वसी’, म्हणजे व्यवस्थापक, नेमू शकतात, आणि तिथे मुलांच्या आईचं नाव घालता येतं. नाहीतर सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ म्हणून चाचाचं नाव लागतं आणि मुलं मोठी होईपर्यंत शेत कुणाचं हेच विसरलं जातं.

चौथं, जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल, सातबाऱ्यावर कलम ४३ चा शेरा असेल, तर आधी वकिलाला दाखवा. गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की कूळकायद्याची बंधनं मृत्युपत्रालाही लागू होतात. मूळ कायदा आपलाच, १९४८ चा.

पाचवं, मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीची वर्दी द्या, आणि बहिणींची नावं मालकाच्या रकान्यात लिहा. बहिणीला पुढे काही सोडायचं असेल तर ती नाव लागल्यावर, हिशेब समजून सोडेल. फेरफाराने मालकी मिळत नाही हे खरं, पण ज्याचं नाव नाही त्याला ती सिद्ध करायला आयुष्य जातं.

शेवटी इतकंच. घरी मोठ्यांपुढे हा विषय काढणं अवघड आहे. ‘माझ्या मरणाची वाट बघतोस का?’ हे ऐकावं लागेल. तेव्हा मालमत्तेपासून सुरुवात करू नका. गेलेल्या चाचांच्या मुलांपासून करा. ‘दादा, यांचं काय?’ एवढंच विचारा. बहुतेक आजोबांच्या मनात याचं उत्तर आधीच तयार असतं. ते फक्त लिहायचं राहिलेलं असतं, आणि लिहिणारे आपण आहोत.

आता प्रश्न घेऊ.