प्रतिकृतीतील झाडी : टाकाऊ फोमचा एक उपयोग

(पुणे येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळी जवळ आली की पुणे शहरातील वाड्यांच्या व सोसायट्यांच्या अंगणांत मातीचे ढीग दिसू लागतात. दगडविटा रचून, त्यांवर गोणपाट अंथरून आणि चिखलाचा लेप देऊन मुले किल्ला उभा करतात. कसबा पेठेतील कुंभारवाड्यातून मावळे येतात, सिंहासनावर महाराजांची मूर्ती बसते आणि तटबंदीला गेरूचा हात फिरतो. डोंगरावरील हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरण्याची आपली जुनी रीत आहे. चार-सहा दिवसांत तो डोंगर हिरवागार होतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय भूगोल, इतिहास आणि हस्तकला हे तिन्ही विषय एकत्र शिकविणारी ही परंपरा महाराष्ट्राचे एक वैभवच होय.

परंतु शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयासाठी एखादी प्रतिकृती तयार करावयाची झाल्यास अळीव उपयोगी पडत नाही. आठवड्याभरात ते वाळते. शिवाय पाण्याने पुठ्ठा कुजतो. तेथे टिकाऊ झाडीची आवश्यकता असते. लघुप्रतिकृतींचा छंद जोपासणारे लोक यासाठी फोमचा चुरा वापरतात. आपल्या शहरात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून आहे. लहानशी गाडी, लहानसे गाव आणि लहानसा डोंगर यांतून केवढे जग उभे करता येते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी तेथे अवश्य जावे. बाजारात अशी तयार झाडी मिळते. पण ती बहुधा परदेशी बनावटीची व महाग असते. ग्रामीण शाळेला तो खर्च पेलणारा नाही. म्हणून घरच्या घरी, टाकाऊ वस्तूंतून ती कशी करावी, हे प्रथम सांगतो. आणि नंतर ती कशासाठी करावी, या अधिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळतो.

सोफा व गाद्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे फोमची कातरणे पडलेली असतात. ती पुष्कळदा विनामूल्य मिळतात. जुना, पिवळा पडलेला फोमही चालतो; मात्र बोटांनी दाबताच ज्याची भुकटी होते, तो घेऊ नये. कात्रीने त्याचे सुपारीएवढे तुकडे करावेत. स्वयंपाकातून कायमचे बाद केलेले मिक्सरचे भांडे घ्यावे. त्यात मूठभर तुकडे व पाऊण भांडे पाणी घालून थोडे थोडे थांबत फिरवावे. कोरडा फोम कधीही फिरवू नये. त्याची बारीक धूळ हवेत उडते आणि श्वासावाटे छातीत जाते, तसेच तुकडे पात्याला गुंडाळले जाऊन यंत्र तापते. हे काम थोरांनीच करावे.

चुरा जुन्या सुती कापडातून गाळून घट्ट पिळावा. गाळलेले पाणीही दुसऱ्यांदा दुहेरी कापडातून गाळावे आणि कापडावर राहिलेला गाळ सुकवून कोरड्या कचऱ्यात द्यावा. फोम हे एक प्रकारचे प्लॅस्टिकच आहे. त्याचे सूक्ष्म कण गटारातून नदीत गेले तर ते कुजत नाहीत. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांस हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

रंगासाठी घर रंगवून उरलेला पाण्यात मिसळणारा रंग उत्तम. खाण्याचा रंग फोमला धरत नाही. जितका रंग तितकेच पाणी घेऊन त्यात थोडे फेव्हिकॉल मिसळावे. पिळलेला चुरा त्यात घालून हातमोजे चढवून मळावा, म्हणजे प्रत्येक कणापर्यंत रंग पोहोचतो. जास्तीचा रंग पिळून काढावा व चुरा वर्तमानपत्रावर पसरून सावलीत दोन दिवस वाळवावा. अधूनमधून हाताने मोकळा करीत राहावे. वाळल्यावर तो आधी रव्याच्या व नंतर पिठाच्या जुन्या चाळणीतून चाळला, की तीन प्रती मिळतात : सर्वांत बारीक चुरा गवतासाठी, मधला झुडपांसाठी आणि जाडसर चुरा वृक्षांच्या माथ्यांसाठी.

वृक्षाचा सांगाडा वाळक्या काटक्यांचा करता येतो. अधिक सुबक हवा असल्यास जुन्या विजेच्या तारेतील तांब्याच्या पंधरा-वीस बारीक तारा घ्याव्यात, मधोमध पीळ देऊन खोड करावे, खालच्या तारा मुळांसारख्या पसराव्यात आणि वरच्या तारांच्या दोन-दोन, तीन-तीन फांद्या कराव्यात. त्यावर फेव्हिकॉल व लाकडाचा बारीक भुसा यांचा लेप देऊन राखाडी-तपकिरी रंग द्यावा. फांद्यांची टोके फेव्हिकॉलमध्ये बुडवून जाडसर चुऱ्यात दाबावीत. शेवटी एक भाग फेव्हिकॉल व तीन भाग पाणी असे मिश्रण फवाऱ्याने वरून मारले, म्हणजे चुरा झडत नाही.

ज्या गावी फोम सहज मिळत नाही तेथे निराश होण्याचे कारण नाही. वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हा निसर्गाने दिलेला फोमच होय. ती कातरून रंगविली, तर झाडाचा माथा हुबेहूब साधतो. धुऊन वाळविलेला चहाचा चोथा मातीच्या रंगासाठी व रंगविलेला लाकडाचा भुसा गवतासाठी वापरता येतो. अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर तर फोम मुळीच घालू नये; पहिल्या पावसात तो ओढ्यात जाईल. तेथे आपले अळीवच शोभते.

आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. फोम चटकन पेट घेतो. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे प्राणघातक वायू निघतात. म्हणून अशा प्रतिकृतीवर किंवा तिच्या आसपास पणती, उदबत्ती, फुलबाजी कदापि नको. उरलेला चुरा जाळून टाकण्याचा मोहही टाळावा.

आता प्रमाणाचा विचार करू. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो. मुलांच्या भक्तिभावाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण प्रतिकृती अभ्यासासाठी असेल, तर माप पाळले पाहिजे. एकास हजार हे प्रमाण धरले, तर एक किलोमीटर म्हणजे एक मीटर होतो आणि दहा मीटर उंचीचा आंबा केवळ एक सेंटिमीटरचा होतो. संपूर्ण गावाचे शिवार दाखवावयाचे असेल, तर एकास पाच हजार हे प्रमाण सोयीचे पडते. तीन किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद शिवार मग साठ सेंटिमीटर बाय चाळीस सेंटिमीटरच्या फळीवर बसते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशांवर वीस मीटर अंतराच्या समोच्चरेषा असतात. नकाशा दहा पट मोठा करून घेतला, की प्रत्येक रेषा म्हणजे चार मिलिमीटर उंची. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची जाडी साधारण तेवढीच असते. प्रत्येक रेषेप्रमाणे पुठ्ठा कापून एकावर एक चिकटवीत गेले, की डोंगर आपोआप उभा राहतो. आणि या प्रमाणात दहा मीटरचा वृक्ष दोन मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या चाळणीतून निघालेल्या फोमच्या एका कणाएवढा असतो. एक कण, एक झाड. हा हिशोब विद्यार्थ्यांना सांगितला, की गुणोत्तर व प्रमाण हा अंकगणिताचा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

बंधुभगिनींनो, येथवर केवळ कृतीचा विचार झाला. पण या हिरव्या चुऱ्यात खरा प्रश्न निराळाच आहे. कोठे चिकटवावयाचा व कोठे नाही, हा तो प्रश्न. प्रतिकृती सुंदर दिसावी म्हणून सर्व डोंगर हिरवे करण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे. परंतु गावाचा डोंगर उघडा असताना प्रतिकृतीत तो गर्द दाखविला, तर आपण मुलांना व ग्रामसभेला असत्य शिकविले असे होते. म्हणून चुरा हाती घेण्यापूर्वी शिवारफेरी काढावी. शिक्षकांनी मुलांचे गट करून कोणत्या उतारावर दाट झाडी आहे, कोठे नुसते गवत आहे आणि कोठे मुरूम उघडा पडला आहे, याची वहीत नोंद करावी. नंतरच रंग ठरवावेत. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेस मुळशी-लोणावळ्याकडे निमसदाहरित वनाचा काळसर हिरवा रंग आहे, तर पूर्वेकडे पानझडीची, काटेरी झुडपांची फिकी छटा आहे. आश्विन-कार्तिकात डोंगरावरचे गवत सोनेरी होऊ लागते. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते तेव्हा सह्याद्रीचे उतार जांभळे होतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर दिसणारी गिरिपुष्पाची हिरवाई ही मूळची नसून लागवडीतून आलेली आहे. हे भेद दाखवावयाचे तर एकच हिरवा रंग पुरत नाही. निदान तीन हिरवे व एक पिवळा तरी हवा.

आपल्या पूर्वजांनी झाडीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी ही गडाची राखणच मानली आहे व ती काळजीपूर्वक वाढविण्यास सांगितले आहे. गडावर वृक्ष लावावेत, आरमारासाठीही रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत व लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्या उपदेशाचा आशय आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात व जिंजी तमिळनाडूत आहे. शिवनेरी, लोहगड व राजगड हे तीन तर आपल्या पुणे जिल्ह्यातीलच होत. या नावातील भूप्रदेश हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. हा सन्मान केवळ दगडी तटाचा नाही. डोंगर, दरी, घाटवाट व झाडी यांचा किल्ल्याने जो उपयोग करून घेतला, त्याचा तो आहे. म्हणून शाळेत लोहगड करताना विंचुकाट्याची सोंड जितक्या काळजीने करावी, तितक्याच काळजीने खालच्या उतारावरील रानही दाखवावे.

ग्रामपंचायत सदस्यांना माझी विशेष विनंती आहे. ग्रामसभेत कागदी नकाशा पसरला, तर तो वाचता येणारे थोडेच असतात. परंतु पुठ्ठ्याचा डोंगर समोर ठेवला, की निरक्षर वृद्धही बोट ठेवून आपले शेत, आपली विहीर व ओढा दाखवितात. डोंगरावरचे पाणी कोठून येते, माती कोठून वाहते, चर कोठे खणावेत व रोपे कोठे लावावीत, याची चर्चा मग सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरेबाजार या गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर पुन्हा हिरवे केले, हे सर्वश्रुत आहे. तेथे निर्णय गावाने केला, म्हणूनच तो टिकला. निर्णय गावाने करावयाचा तर प्रश्न गावाला दिसला पाहिजे, आणि तो दाखविण्याचे काम ही प्रतिकृती अल्प खर्चात करू शकते.

त्यासाठी एक पद्धत सुचवितो. पहिल्या वर्षी प्रतिकृतीवर आज जेवढी झाडी आहे तेवढीच लावावी. उघडे उतार मातकट ठेवावेत. चुऱ्याची एक डबी शेजारी ठेवावी. पुढे दरवर्षी पावसाळ्यानंतर मुलांनी पुन्हा शिवारफेरी काढावी आणि जी रोपे खरोखर जगली असतील तेवढ्याच जागी हिरवा चुरा चिकटवावा. किती खड्डे खणले वा किती रोपे वाटली, याचा हिशोब कागदोपत्री असतोच. जगली किती, याचा हिशोब त्या फळीवर राहील. जेथे झाडे वाळली वा तुटली, तेथील चुरा खरवडून काढावा. हे करताना कोणाला संकोच वाटण्याचे कारण नाही. दहा वर्षांनी त्या फळीवर जेवढा हिरवा रंग असेल, तेवढेच त्या गावाचे वनीकरण झाले असे समजावे.

प्रत्येक शाळेने येत्या वर्षी आपल्या गावाची अशी एक प्रतिकृती तयार करावी आणि ग्रामपंचायतीने तिला कार्यालयात दर्शनी जागा द्यावी, एवढी विनंती आहे.