कॅप्टन भाऊ आणि माझा एक जुना हिशेब

(स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे मोजून बोलायची सवय आहे.

कुणाच्या नावामागे वकील, उद्योजक, लष्करी अधिकारी असं काही लागलं की आपण आदराने बघतो. आज मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे, ज्यांच्या नावामागे एकच शब्द होता, 'कॅप्टन', आणि तोही कुठल्या सरकारी सैन्याने दिलेला नव्हता. कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड. सगळे त्यांना कॅप्टन भाऊ म्हणत.

त्यांचा जन्म १९२२ सालचा. २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले. शंभरी भरायला अवघे काही महिने कमी. म्हणजे बेचाळीसचा लढाही त्यांनी पाहिला आणि आपल्या हातातला मोबाईलही पाहिला.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हे मोठं केंद्र होतं. हे सरकार १९४३ ते १९४६ या काळात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीच्या गावागावांत चाललं. गावातले तंटे गावातच सोडवायला न्यायदान मंडळं होती. दारूबंदी होती, सावकाराला चाप होता, कमी खर्चातली गांधी-लग्नं होती. म्हणजे कोर्ट होतं, पैशाची व्यवस्था होती आणि सैन्यही होतं. त्या सैन्याचं नाव तुफान सेना. जी. डी. बापू लाड तिचे प्रमुख आणि आपले भाऊ कॅप्टन. वय वीस-एकवीस. आपल्या बी विंगमधली मुलं या वयात सीईटीचा निकाल लावून नुकती मोकळी झालेली असतात!

७ जून १९४३. शेणोली. सांगलीहून पॅसेंजरने कराडकडे निघालात की किर्लोस्करवाडी, ताकारी, भवानीनगर आणि मग शेणोली लागतं. तेव्हा ही लाईन मीटरगेज होती. पुण्याहून मिरजेकडे येणाऱ्या गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. तुफान सेनेने रुळांवर दगड रचून गाडी अडवली. मागचीही वाट बंद केली, म्हणजे गाडी उलटी जायला नको. पोरांजवळ काठ्या, कोयते, अशी हत्यारं. बंदुका जवळजवळ नाहीतच. रक्कम ताब्यात घेतली आणि गोरगरिबांच्या, चळवळीच्या कामी लावली.

भाऊंना 'गाडी लुटली' हा शब्द आवडायचा नाही. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजांनी लोकांचा पैसा चोरला होता, तो आम्ही परत आणला. आमच्या बँकेच्या भाषेत याला काय म्हणावं, मी खूप विचार केला. वसुली म्हणावं, असं मला वाटतं! उतारवयात भाऊ शेणोलीच्या त्या रुळांजवळ, स्मारकापाशी उभे राहून ही हकीकत सांगायचे. कितीतरी वेळा, न कंटाळता.

मी स्वतः भाऊंना कधी भेटलो नाही. कुंडल आपल्यापासून काही लांब नाही. पण जाऊ, जाऊ म्हणत राहिलो. आणि आता जे सांगणार आहे, ते घरातही फार कुणाला सांगितलेलं नाही.

मी एका शाखेत अधिकारी होतो. नोव्हेंबर महिना, पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी. एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन होती त्यांची. हात थरथरत होता, सही नमुन्याशी जुळेना. मी म्हणालो, "बाबा, उद्या ओळखीचा माणूस घेऊन या." ते काही बोलले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले. दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले, बरोबर नातू होता. काम झालं. ते गेल्यावर शिपाई म्हणाला, "साहेब, बाबा तुफान सेनेतले."

नियमाने मी बरोबर होतो. पण त्यांना बसायला खुर्ची द्यायला कुठल्या नियमाची आडकाठी होती? दुसऱ्या दिवशी तरी दोन शब्द विचारता आले असते. नाही विचारले. आणि त्यांना सांगलीत येऊन ओळख पटवून द्यायला सांगणारा मी कोण? पुढच्या नोव्हेंबरात मी त्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत. तो हिशेब माझ्याकडून राहून गेला, तो राहिलाच.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. पंचवीस वर्षांत आपण रंगकाम केलं, बोअर मारलं, मेंटेनन्सवरून भांडलो, पुन्हा एकत्र बसून दिवाळीचा फराळ केला. आपल्याच जिन्यात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसं राहतात. त्यांनी काय काय पाहिलंय ते त्यांना विचारा. मुलांनो, लिहून काढा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि येत्या सुट्टीत एकदा पॅसेंजर पकडून सगळे मिळून शेणोलीला जाऊ. तिकिटं मी काढतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.