काचेवर टेकलेला डोळा



आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीतील जुन्या पुस्तकांत झाले. तेव्हा सूक्ष्मदर्शकावर आम्ही बोलणे हा आगाऊपणा वाटेल. पण त्या यंत्रापाशी एक माणूस बसलेला असतो, आणि त्याच्या श्रमाविषयी बोलण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांला आहे.

जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीक डॉक्टर १९१३ साली पत्नीसह न्यूयॉर्कला उतरला. पोटासाठी बाईने दुकानात बटणे शिवली. पुढे दोघांना कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळाले. गर्भाशयाच्या मुखाजवळच्या सुटलेल्या पेशी काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि न्याहाळायच्या, हा त्याचा उद्योग. निरोगी पेशींत काय फरक पडत जातो हे कळावे म्हणून पत्नी मेरी वर्षानुवर्षे स्वतःचीच तपासणी करू देत राहिली. तपासणीला नाव मात्र नवऱ्याचे पडले! १९२८ साली त्याने हा शोध मांडला, तेव्हा कोणी फारशी दाद दिली नाही. १९४१ व १९४३ साली ट्राऊट या डॉक्टरासह पुरावा मांडला, तेव्हा कुठे जग वळले.

दिसते काय? वरच्या थरातील निरोगी पेशी भाकरीसारखी पसरट, मध्ये मोहरीएवढे केंद्र. बिघडू लागलेल्या पेशीचे केंद्र फुगते, काळवंडते, कडा वेड्यावाकड्या होतात. तेथून कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा अधिक लागतात. बाईला काही दुखत नसते, जाणवत नसते. पण तेवढ्यात तो भाग काढून टाकला तर रोग टळतो.

आता मुद्दा असा की, एका काचेवर हजारो पेशी असतात आणि त्यांत वाईट एखादी मूठ. ती मूठ शोधतो तो पगारी तंत्रज्ञ. १९८७ साली अमेरिकेतील 'वॉल स्ट्रीट जर्नल' या पत्राने उघड केले की, काही प्रयोगशाळा काचेमागे मजुरी देऊन तंत्रज्ञांकडून बेसुमार काचा पाहून घेत होत्या, आणि कर्करोग नजरेतून सुटत होता. १९८८ साली कायदा झाला. त्याखालच्या नियमांनी एका माणसाला दिवसात शंभराहून अधिक काचा पाहण्यास बंदी केली. आमच्या मागवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच्या गळ्यात आठ माग घातले की तुटलेली तार दिसत नाही. तेथे कापड बिघडते, येथे बाई जाते.

आपल्या बार्शीच्या परिसरात १९९९ पासून १ लाख ३१ हजार स्त्रियांची मोठी पाहणी झाली. २००९ साली निष्कर्ष आला: विषाणूची तपासणी एकदाच केली तरी या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले, पेशी-तपासणीने एका फेरीत तेवढा फरक पडला नाही. विषाणू यंत्र शोधते, त्याला थकवा नसतो. तरीही विषाणू सापडलेल्या बाईच्या पेशी पुष्कळ ठिकाणी पुन्हा काचेखालीच जातात.

आमच्या कांडी भरणाऱ्या बाया विचारतात, "दादा, तपासणीला गेलो तर त्या दिवसाच्या मजुरीचं काय?" गेल्या मागणीपत्रात आम्ही त्या दिवसाची भरपगारी रजा मागितली आहे. मालकमंडळींचे उत्तर अद्याप आलेले नाही.