कपोताचे पंख

फेलिक्स मेंडेल्सझोन (१८०९–१८४७) या जर्मन संगीतकारानें १८४४ सालीं ‘हिअर माय प्रेअर’ हें स्तोत्र रचिलें. त्याचा उत्तरार्ध आपणांपैकीं कित्येकांनीं ऐकला असेल. पूर्वार्ध ऐकणारे थोडे. माझी तक्रार तीच आहे.

बायबलांतील ५५ व्या स्तोत्रावरून विल्यम बार्थोलोम्यू यानें केलेली इंग्रजी रचना हा त्याचा आधार. आरंभीं ऑर्गनच्या साथीनें एकच कंठ देवाला आळवितो. मग शत्रूंची आरोळी येते. वृंद त्याचेच शब्द मोठ्यानें परत म्हणतो, तेव्हां तो गलका चहूंकडून अंगावर आल्यासारखा वाटतो. पुढें मृत्यूचें भय. या कोंडींतूनच कपोताचे पंख लावून अरण्यांत निघून जाण्याची तळमळ उमटते. करुणाष्टकें म्हणणाऱ्या आपल्या घरांना ही आर्तता परकी वाटूं नये.

१९२७ सालीं लंडनच्या टेंपल चर्चमध्यें अर्नेस्ट लफ या पंधरा वर्षांच्या मुलाच्या आवाजांत तें मुद्रित झालें. तबकडी इतकी खपली कीं मूळ ठसा झिजला व १९२८ सालीं पुन्हां गावें लागलें! पंख होते दुसऱ्या बाजूला. तीच बाजू लोकप्रिय झाली, आणि भयभीत जीवाच्या हाकेचें एक गोड गाणें होऊन बसलें.

म्हणून पहिली बाजू आधीं लावा. मग अखेरीस तोच वृंद हलकेच परत येतो, तो आतां त्या एकट्या कंठाला साथ करीत असतो.