चार पिशव्यांचा प्रवास
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या रक्तदान शिबिरात किती पिशव्या जमल्या, हा आकडा आपण अभिमानाने फलकावर लिहितो. मी कापडाचा व्यापारी. आकड्यांचा मोह मलाही आहे. परंतु आज मला केवळ चार पिशव्यांविषयी बोलावयाचे आहे.

सन २०१६ मध्ये ढाका येथे एक तरुण अपघातात गंभीर जखमी झाला. त्याचा रक्तगट 'बॉम्बे' निघाला. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट आपल्या मुंबईतच शोधला, म्हणून हे नाव. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो, असे मानतात. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' सारखा दिसतो. मात्र 'ओ' गटाचे रक्त अशा रुग्णास दिल्यास प्राणावर बेतते. तेथे जुळणारे रक्त मिळेना. अखेर मुंबईतील चार दात्यांनी रक्त दिले आणि त्या पिशव्या ढाक्यास रवाना झाल्या. २०१८ मध्ये दावणगेरेहून अशाच दोन पिशव्या म्यानमारमधील यांगूनला गेल्या. दोन्ही वेळी धावपळ केली ती मुख्यतः स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी.

सार्क राष्ट्रांनी २००७ साली सामाईक अन्नपेढीचा करार केला. धान्य कोठारात राहते. रक्ताचे तसे नाही. तांबड्या पेशी थंड ठेवल्या तरी ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम पाच. गोठवून अधिक काळ ठेवता येते, पण ती सोय खर्चिक व मोजक्याच ठिकाणी. तेव्हा शेजारी राष्ट्रांनी गोदाम नव्हे, नोंदवही सामाईक करावी, असे माझे व्यापारी मन सांगते. कोणत्या गटाचा दाता कोठे आहे, परवाना कोणी द्यावयाचा, कस्टममध्ये पिशवी अडली तर कोणाला उठवावयाचे, हे संकटापूर्वीच ठरलेले असावे.

आणि मापाची खात्री हवी. ज्याच्या गजावर भरवसा नाही, त्याचा ताका आम्ही उलगडून पुन्हा मोजतो. रक्ताच्या बाबतीत तेवढी उसंत नसते. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. पैसे घेऊन रक्त देण्यास १९९८ पासून बंदी आहे. पलीकडची कसोटीही तीच आहे, हे उभयतांस आधीच ठाऊक असले पाहिजे.

माझ्या धाकट्या बंधूंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी 'बी निगेटिव्ह' रक्तासाठी मी रात्रभर तीन शहरांत दूरध्वनी करीत बसलो होतो. पहाटे सोय झाली. त्या रात्री देणारा कोण, कुठला, हा विचार मनाला शिवलाही नाही. २०२४ मध्ये शिर्डीचे एक फुलविक्रेते 'बॉम्बे' गटाचे रक्त देण्यासाठी मोटारीने थेट इंदूरला गेले. आपल्यासारखेच व्यापारी ते. त्या दिवशीचा गल्ला सोडून गेले असतील.

परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी दुर्मीळ दात्यांची नोंद ठेवते. यंदाच्या शिबिरातील 'ओ' गटाच्या प्रत्येक दात्याची 'बॉम्बे' गटासाठी वेगळी चाचणी करून घ्यावी, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे. तिचा खर्च आमचे दुकान करील. नावनोंदणीचे अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत.