मोटारीच्या तारा लांबविताना

मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या अंगावरून गेलेली एक काळी, जाडसर वेणी दिसते. बाहेरून दोर वाटला तरी आत निरनिराळ्या रंगांच्या पुष्कळ तारा एकत्र बांधलेल्या असतात. कारागीर हिला हार्नेस म्हणतात. हार्नेस हा मूळचा घोड्याच्या साजाचा शब्द. साज आखूड पडला की घोडा जसा अडतो, तशीच ही वेणी आखूड पडली की गाडी अडते.

ती आखूड कशाने पडते? जुन्या जीपमध्ये दुसरे इंजिन बसविले, बॅटरी बॉनेटखालून काढून सीटखाली नेली, किंवा वेणी सायलेन्सरच्या नळीला फार लगटून जात होती म्हणून दुसऱ्या वाटेने न्यायचे ठरले, की तार वीतभर अपुरी पडते. (इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंद लागते, तेवढे विसरू नका.) मग हाताला येईल तो तुकडा घ्यायचा, टोकांना पीळ द्यायचा, वर काळी चिकटपट्टी गुंडाळायची, की झाले! गाडी सुरू होते, पैसेही चुकते होतात. पुढे उन्हाने पट्टीचा डिंक सुटतो, पावसाचे पाणी आत शिरते, तांबे हिरवे पडते, आणि नेमके रात्री घाटात दिवे मिणमिणू लागतात. कधी धूरही निघतो.

म्हणून कात्री हातात घेण्याआधी वाट ठरवा. एक सुतळी घ्या आणि जिथून तार न्यायची तिथून ती प्रत्यक्ष फिरवून पाहा. धुराड्याची नळी टाळा. साध्या प्लॅस्टिकचे वेष्टन तिच्या धगीपुढे टिकत नाही. पंखा आणि स्टिअरिंगचा दांडा यांपासून दूर राहा. पत्र्याच्या भोकातून जायचे असेल तर भोकाला रबरी कडे हवेच, नाहीतर पत्र्याची धार रोजच्या हादऱ्याने वेष्टन करवतीसारखी कापते. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते व चालताना डुलते. तेव्हा इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तार थोडी सैल ठेवा. जोडणीच्या अलीकडे तारेला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारे पाणी जोडणीत न शिरता झोळातून ठिबकेल. गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर उंदरांचाही विचार करा.

आता जाडीचा प्रश्न. येथे शिक्षक बंधुभगिनींना वर्गात मांडता येईल असे एक गणित आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. साठ-साठ वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टांवर दहा अँपिअर प्रवाह घेतात. तार चार मीटर लांब धरली तर ०.०७२ गुणिले दहा, म्हणजे सुमारे पाऊण व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. पाऊण व्होल्ट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण दिव्याचा उजेड व्होल्टापेक्षा फार झपाट्याने घटतो आणि जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट पाव व्होल्टाच्या थोडी वर राहते. म्हणून जोडतुकडा मूळ तारेइतका तरी जाड हवा, आणि लांबी बरीच वाढली तर त्याहून जाड. स्टार्टरच्या केबलला मात्र जोड देऊच नये. तिच्यातून शंभरावर अँपिअर वाहतात. अखंड नवी करून घ्यावी.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तिथेच ठिणगी उडते. वेणीतले सगळे जोड एकाच जागी आणू नका. दोन-दोन बोटांचे अंतर ठेवून मागेपुढे द्या, नाहीतर तिथे गाठ फुगते आणि एक जोड उघडा पडला की शेजारच्याला भिडतो. तुकडा त्याच रंगाचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधा. जोडासाठी तांब्याची छोटी नळी घालून ती क्रिंपिंगच्या पकडीने दाबावी. कथलाचा डाख चालतो, पण कथील तारेच्या धाग्यांत जिथवर चढते तिथवर तार ताठ होते आणि त्या हद्दीवर हादऱ्याने तुटते. डाख दिलाच तर जोड दोन्ही बाजूंना बांधून स्थिर करा. वर चिकटपट्टीऐवजी तापवल्यावर आकसणारी नळी हवी. ती जोड देण्यापूर्वी तारेत ओवायची असते, हे सांगायला नको. तरी विसरतात पुष्कळ!

नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक असतो. त्याच्याकडे जाणाऱ्या काही तारांना मुद्दाम पीळ किंवा जाळीचे आवरण असते, म्हणजे शेजारच्या तारांचा गोंधळ त्यांत मिसळत नाही. लांबविताना तो पीळ आणि ती जाळी जशीच्या तशी पुढे न्यावी.

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो. दहाचा लाल फ्यूज वारंवार जातो म्हणून वीसचा पिवळा घातला, किंवा सिगारेटची चांदी गुंडाळली, तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी तार वितळेल.

काम झाल्यावर दिवे लावून मीटरची दोन टोके जोडाच्या दोन बाजूंना धरा. चांगल्या जोडावर काटा जवळजवळ हलत नाही. पाव व्होल्ट दिसला तर तो जोड कापून पुन्हा करा. मग इंजिन चालू ठेवून वेणी हाताने जपून हलवून पाहा. दिवा लुकलुकला किंवा इंजिन अडखळले, तर दोष तुमच्या हाताखालीच आहे. आठवड्याभराने बॉनेट पुन्हा उघडा आणि वेष्टन कुठे घासले आहे का, ते बोट फिरवून तपासा.