कोरी बॉडी : खरी किती, बनावट किती?
(सुर्ला येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवात गाड्यांवर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. पण सुर्ला, पाळी, वेळगे हा सगळा खाणींचा भाग. इथल्या कितीतरी घरांत आजोबांची जीप मांगराच्या कडेला उभी आहे. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तशा त्याही थांबल्या. आता मुले शिकून मिळवती झाली आणि म्हणतात, आजोबांची जीप उभी करूया. चेसी धड असते, पण पत्रा पावसाने खाल्लेला असतो. अशा वेळी कोणीतरी येऊन सांगतो, ‘मिलिटरी डिस्पोजलची कोरी बॉडी आहे, पेटीतून काढलेली, हात न लागलेली.’ आणि लाखांच्या गोष्टी सुरू होतात.

आम्ही सरकारी नोकर, शिक्षणाने डिप्लोमावाले. रविवारी आम्ही तीन-चार मित्र बॅटरी, लोहचुंबक आणि आरसा घेऊन अशा बॉड्या बघायला जातो. त्यातून जे कळले ते सांगतो.

आधी जीपची जात ओळखावी. महायुद्धात विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यांचे बोनेट बसके. पुढे महिंद्रांनी आपल्याकडे बनवलेल्या सीजे-३बीचे इंजिन उंच होते, म्हणून बोनेटही उंच. गॅरेजवाले याला ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ म्हणतात. आजोबांची जीप हाय बॉनेटची असेल आणि तिच्यावर लो बॉनेटची बॉडी बसवली, तर ती युद्धातली होत नाही. वेषांतर होते, एवढेच.

आता पत्रा. आपल्या चित्रशाळेत साच्यातली मूर्ती आणि हाताने घडवलेली मूर्ती आपण लांबून ओळखतो. इथेही तसेच. कारखान्याच्या प्रेसमधून निघालेल्या पत्र्याची दुमड सगळीकडे सारखी आणि गोलाई एकसंध असते. हाताने ठोकलेल्या पत्र्यावर बोटे फिरवली की लाटा लागतात. स्पॉट वेल्डिंगचे ठिपके कारखान्यात बऱ्यापैकी सारख्या अंतरावर पडतात. गॅरेजमध्ये गॅस वेल्डिंग करून वर ग्राइंडर फिरवलेला असतो. चुंबक धरलाच नाही, तर आत पुट्टी आहे समजा.

युद्धकाळच्या जीपच्या तळाखाली उलट्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असत आणि त्यांच्या पोटात लाकूड भरलेले असे. हे लाकूड ओल धरते, म्हणून मूळ बॉडी बहुधा तिथेच सडते. विकणारा ‘ऐंशी वर्षे जुनी’ म्हणतो आणि त्या पट्ट्या आतून आरशासारख्या स्वच्छ असतात, तेव्हा आम्ही चहा पिऊन निघतो.

‘न वापरलेली’ हा दावा तपासायला सोपा. बिजागरी आणि बोल्टांची भोके पाहावीत. एकदा जरी बोल्ट आवळला असेल, तर वॉशरची गोल खूण राहतेच. सांध्यात लाल माती आढळली, तर ती बॉडी खाणीच्या रस्त्यावर फिरून आली आहे, कोरी नव्हे. आणखी एक : बदली म्हणून दिलेल्या कोऱ्या बॉडीवर सहसा गाडीचा नंबर ठोकलेला नसतो. तो असेल तर कोणी ठोकला, हे विचारलेच पाहिजे. तिथे प्रश्न हौसेचा राहत नाही, पोलिसांचा होतो.

हरयाणातील मंडी डबवालीत आजही जीपच्या बॉड्या बनतात. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. काही कामे झकास असतात. फिलिपाइन्समध्ये तर युद्धकाळच्या जीपच्या बॉड्या प्रेसवर काढतात. इंग्लंडात १९८८ पासून एमजीबी गाडीची बॉडी मूळच्याच डायांवर पुन्हा काढू लागले. ती नवी म्हणूनच विकली जाते, आणि माणसे आनंदाने घेतात. खोट नव्या पत्र्यात नाही, त्याला जुना म्हणण्यात आहे.

याचा कागदांशीही संबंध आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या बिगरव्यावसायिक गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला असेल, तर अर्ज अडतो. म्हणजे बॉडीपायी दोन-तीन लाख घालवून त्याच बॉडीमुळे क्रमांक हुकायचा, असेही होऊ शकते. चांगली चेसी असेल, तर सडलेला तळ तेवढा कापून जोडणे आणि उरलेला मूळ पत्रा जपणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. वेळ लागतो, डेंटर कुरकुरतो, पण आजोबांचा हात लागलेला पत्रा घरात राहतो.

तरीही घ्यायचीच असेल, तर विकणारा तोंडाने जे सांगतो तेच पावतीवर लिहून मागा : कारखान्याची जुनी, न वापरलेली. सही करताना तो घुटमळला, तर टेम्पोचे भाडे आपण भरून बॉडी परत पाठवा.